गुडघाभर बर्फात टोकं बुडतात. स्की किती रुंद घ्यावी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. उंची १७४ सेंमी, वजन ७६ किलो, नोकरी योकोहामात. तीन हंगाम हाकुबा आणि युझावाच्या पिस्टवर (यंत्राने दाबून तयार केलेल्या उतारांवर) काढलेत, तेही ८६ मिमी कंबरेच्या (म्हणजे पायाखाली तितक्या रुंद), १७२ सेंमी लांब स्कीवर. मध्यम उतार आता आरामात उतरता. पण रात्रीतून गुडघाभर बर्फ पडला की टोकं खाली जातात, तुम्ही मागे रेलता आणि दहा मिनिटांत मांड्या भरून येतात. जानेवारीअखेर निसेकोत एक आठवडा आहे, पुढच्या वर्षी गुलमर्गचा बेत आहे. दुकानदाराने १२४ मिमीची स्की पुढे केली. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: इतकी रुंद हवी का, लांबी किती असावी, आणि ‘खेळकर स्कीचं बाइंडिंग (बूट पकडून ठेवणारी यंत्रणा) अगदी मध्यावर बसवतात’ हे खरं का?

थोडक्यात उत्तर असं: कंबर ११४ ते ११८ मिमी, लांबी १८४ सेंमीच्या आसपास, बाइंडिंग खऱ्या मध्यापासून साधारण ६ सेंमी मागे. १२४ मिमीची तुम्हाला गरज नाही, आणि बाइंडिंग मध्यावर तर मुळीच नको. पण हे आकडे नुसते उतरवून घेऊन दुकानात जाऊ नका. त्यांच्यामागचं कारण कळलं तर समोर आलेली कुठलीही स्की तुम्हाला स्वतः पारखता येईल.

तुमची खरी अडचण रुंदीची कमी आणि टोकाच्या आकाराची जास्त आहे. पिस्टच्या स्कीचं टोक आखूड आणि जेमतेम वर वळलेलं असतं, कारण त्याचं काम कडक बर्फात एज (स्कीच्या कडेची पोलादी धार) रोवून वळण सुरू करणं. भुसभुशीत बर्फात तेच टोक नांगराच्या फाळासारखं आत घुसतं. घुसलं की माणूस घाबरून टाचांवर बसतो. टाचांवर बसला की मागचं टोक खाली जातं, स्की मागून खोल आणि पुढून उघडी होते, आणि वळवायला लागणारा सगळा जोर मांड्यांतून येतो. नुसती कंबर वाढवून हे चक्र तुटत नाही.

तरी क्षेत्रफळ महत्त्वाचं आहेच, म्हणून एक ढोबळ हिशोब करू. तुमची आताची स्की टोकापासून शेपटीपर्यंत सरासरी १०.२ सेंमी रुंद धरली, तर एका स्कीचं क्षेत्रफळ सुमारे १,७५५ चौरस सेंमी, जोडीचं ३,५१०. बूट, कपडे, पाठपिशवी धरून तुमचं वजन ८८ किलो. म्हणजे प्रत्येक चौरस सेंमीवर २५ ग्रॅम. आता ११६ मिमी कंबरेची १८४ सेंमीची स्की घ्या. सरासरी रुंदी १२.४ सेंमी धरली, तर जोडीचं क्षेत्रफळ सुमारे ४,५६० आणि भार १९ ग्रॅमवर येतो. तीस टक्के जास्त आधार. हा फरक पहिल्या वळणात पायाला कळतो. इथून पुढे कंबर आणखी ६ मिमी वाढवली, तर मिळतात जेमतेम ४ ते ५ टक्के. त्यांच्या बदल्यात तुम्ही काय देता?

देता ते गुडघ्यातून. कडक बर्फावर एजवर उभं राहताना पायाच्या मध्यरेषेपासून एज जितकी लांब, तितका गुडघ्यावर पीळ जास्त. ८६ च्या स्कीवर हे अंतर ४३ मिमी असतं, ११६ वर ५८, १२४ वर ६२. निसेकोतही दिवसातला बराच वेळ तुम्ही लिफ्टकडे परतताना दाबलेल्या बर्फावर असता. त्यात संध्याकाळी दमलेल्या पायांनी पीळ सोसायचा असतो. १२० च्या पुढच्या स्की वाईट नाहीत, पण त्या ज्याच्याकडे दुसरी जोडी तयार असते आणि जो फक्त मोठ्या बर्फाच्या दिवशी बाहेर पडतो त्याच्यासाठी. वजन ९५ किलोच्या वर असेल तरही माझं उत्तर बदलेल.

आता रॉकर. कोकणातल्या होडीची नाळ पाण्यापासून उचललेली असते, म्हणून लाट आली की होडी लाटेत न शिरता तिच्यावर चढते. रॉकर म्हणजे स्कीची नाळ. स्की जमिनीवर ठेवली, तर टोक बऱ्याच अलीकडून, हळूहळू वर उचलायला लागतं. पायाखाली मात्र थोडा कॅम्बर, म्हणजे २ ते ४ मिमीची उलट कमान हवी, नाहीतर दाबलेल्या बर्फावर स्की भोवऱ्यासारखी फिरते.

दुकानात हे मोजायला दोन मिनिटं लागतात. एक स्की सपाट फरशीवर ठेवा, फळी किंवा काच मिळाली तर उत्तम. मध्यभागी तळव्याने दाबून कॅम्बर सपाट करा. दुसऱ्या हाताने जाडसर कागदाचा तुकडा टोकाखालून आत सरकवत न्या. जिथे अडेल तिथे बोट ठेवून टोकापर्यंतचं अंतर टेपने मोजा. १८४ च्या स्कीवर पुढे ५० ते ५८ सेंमी आणि मागे ३२ ते ४० सेंमी आलं, तर ती तुमच्या कामाची. मागे १५ सेंमीपेक्षा कमी आलं, तर शेपूट बर्फात रुतून बसेल आणि घसरवत वळायचं म्हटलं की विरोध करेल. पावडरमधली, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फातली, मजा सगळी घसरवण्यातच असते, म्हणून मागच्या रॉकरकडे दुर्लक्ष करू नका. जाहिरातींत पुढचाच रॉकर दाखवतात.

याच मापात टेपरही पाहून घ्या. पिस्टच्या स्कीचा पुढचा सगळ्यात रुंद भाग टोकाच्या अगदी जवळ असतो. पावडर स्कीत तो पायाकडे मागे आणलेला असतो आणि तिथून टोकाकडे स्की पुन्हा निमुळती होत जाते. निमुळतं टोक बर्फात ‘पकडत’ नाही. मऊ बर्फावरून अचानक कोणीतरी तुडवलेल्या ढेकळावर गेलात, तर रुंद टोकाची स्की त्या ढेकळात एज रोवते आणि पाय बाहेर खेचते. निमुळतं टोक ढेकूळ बाजूला सारून पुढे जातं.

हे आकार कुठून आले हे जाणून घेण्यासारखं आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या अटॉमिक कंपनीत रूपर्ट ह्यूबर यांनी पहिली खऱ्या अर्थाने रुंद स्की केली, पावडर प्लस. लोक तिला ‘फॅट बॉय’ म्हणायचे. ती रुंद होती, पण आकार जुनाच, पायाखाली कॅम्बरचा. पुढची उडी शेन मॅकॉन्की या स्कीअरची. त्याने वॉटर स्कीवरून कल्पना घेतली: तरंगायचं असेल तर टोकं वर हवीत आणि स्की मध्यभागी सगळ्यात रुंद हवी. २००२ च्या सुमारास व्होलांट कंपनीने ‘स्पॅट्युला’ बाजारात आणली. पूर्ण उलटा कॅम्बर, उलटा साइडकट (साइडकट म्हणजे कडेचा आत वळलेला बाक). पिस्टवर ती जवळजवळ निरुपयोगी होती, पण खोल बर्फात तिने सिद्ध केलं की वळणासाठी एज रोवायची गरजच नाही. आजच्या खेळकर पावडर स्की म्हणजे या दोन टोकांमधली तडजोड: पायाखाली कॅम्बर आणि थोडा साइडकट, दोन्ही टोकांना स्पॅट्युला.

यापुढचा मुद्दा बाइंडिंगच्या जागेचा. लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ‘खरा मध्य’ म्हणजे टोकापासून शेपटीपर्यंत टेप सरळ ताणून आलेल्या लांबीचा अर्धा. टेप स्कीच्या वळणाला चिकटवू नका, सरळ ताणा. बुटाच्या बाजूला तळव्याजवळ मध्याची एक रेघ कोरलेली असते, ती या खऱ्या मध्याच्या किती मागे येते, त्यावर स्कीचा स्वभाव ठरतो. पिस्टच्या स्कीवर ती १० ते १२ सेंमी मागे असते. खेळकर स्कीवर ३ ते ७. उड्या आणि उलटं स्कीइंग करणारे तरुण शून्य ते २ वर नेतात.

आता तुमचेच आकडे घाला. १७२ ची स्की, मध्यापासून ११ मागे: पायाच्या पुढे ९७ सेंमी, मागे ७५. नवी १८४ ची, ५ मागे: पुढे ९७, मागे ८७. पुढची लांबी तितकीच राहिली! वाढलेले बारा सेंमी सगळे मागे गेले. तुम्ही ‘लांब’ स्की घेतली, पण नाळ लांब झालीच नाही. त्यात मागच्या बाजूला आता आधार जास्त, त्यामुळे शेपूट पूर्वीसारखी बुडून टोक वर काढत नाही. म्हणून पिस्टवरून आलेला माणूस अशा स्कीवर नडगीने बूट पुढे ढकलतो आणि पहिल्याच मोठ्या बर्फात टोकावरून पालथा होतो. दोष मग स्कीला दिला जातो.

तुमच्यासाठी ६, फार तर ७ सेंमी मागे. पुढे ९८ ते ९९ सेंमी मिळतील, लांब रॉकर उरलेलं काम करेल, आणि शेपूट अजून इतकी मोकळी राहील की ती सहज भिरकावता येईल. बहुतेक कंपन्या स्कीवर शिफारशीची रेघ छापतात, कधी दोन. ती रेघ खऱ्या मध्यापासून किती मागे आहे ते स्वतः मोजा. ४ ते ८ मध्ये असेल तर बहुतेक वेळा त्याच रेघेवर बसवणं शहाणपणाचं, कारण रॉकर आणि साइडकट त्याच जागेभोवती आखलेले असतात. रेघेपासून २ सेंमीपेक्षा जास्त हलवावंसं वाटत असेल, तर ती स्कीच तुमची नाही असं समजा.

विकत घेण्याआधी एक युक्ती वापरा. निसेकोत भाड्याने पावडर स्की भरपूर मिळतात आणि भाड्याच्या स्कीचं बाइंडिंग पट्टीवर सरकणारं असतं. पहिल्या दिवशी एकच स्की घ्या, सकाळी रेघेवर चालवा, दुपारी तंत्रज्ञाला सांगून २ सेंमी मागे घ्या. पुढचा आणि मागचा दोन्ही भाग सरकवावे लागतात, आणि सरकवल्यावर टाचेचा पुढचा दाब पुन्हा जुळवावा लागतो. हे काम त्याच्याकडूनच करून घ्या, स्वतः करू नका. एका दिवसात तुम्हाला जे कळेल ते वाचून कळणार नाही.

लांबीबद्दल एकच सांगतो. दोन्हीकडे रॉकर असलेली १८४ ची स्की कडक बर्फावर तिच्या लांबीपेक्षा बरीच कमी टेकते, उरलेली हवेत असते. म्हणून उंचीपेक्षा १० सेंमी जास्त हा आकडा ऐकून घाबरू नका. १७८ घेतलीत, तर झाडांत वळायला थोडी सोपी जाईल, पण तरंगण्याचा जो फायदा रुंदीतून मिळवला तो लांबीत घालवाल.

कडकपणा आणि वजन यांचाही विचार करा. पायाखाली घट्ट, टोकांकडे मऊ, शेपूट टोकापेक्षा किंचित कडक, असा फ्लेक्स तुमच्या वजनाला बरोबर. हाताने तपासायचं, तर शेपूट जमिनीवर टेकवून एका हाताने टोक धरा आणि दुसऱ्या हाताने मधोमध ढकला. पूर्ण स्की सारखीच वाकत असेल, तर उडीवरून उतरताना मागे पडाल. धातूचा थर असलेल्या स्की वेगात स्थिर असतात, पण त्यांना झाडांत उचलून वळवणं मेहनतीचं. एका स्कीचं वजन १,९०० ते २,१५० ग्रॅममध्ये ठेवा. १,७०० च्या खालची स्की चढायला छान, पण सकाळी दहानंतर सगळ्यांनी तुडवलेल्या बर्फात ती पायाखालून उडते. नमुना म्हणून सलोमनची क्यूएसटी ब्लँक (११२ मिमी), मोमेंटची वाइल्डकॅट (११६) आणि अटॉमिकची बेंट चेटलर (१२०) या पाहा. पहिली जरा दिशेला चिकटून चालणारी, शेवटची सगळ्यात मऊ आणि खोडकर. तुमचं उत्तर या तिघींच्या मधल्या पट्ट्यात आहे.

निसेको आणि गुलमर्ग एकाच स्कीवर करायचं म्हणता. जमेल, पण दोन्हीकडचा बर्फ वेगळा आहे आणि त्यातूनच ११४ ते ११८ हा आकडा येतो. होक्काइडोत सैबेरियाकडून येणारा थंड वारा जपानच्या समुद्रावरून ओलावा उचलतो आणि किनाऱ्याजवळच्या डोंगरांवर टाकतो. जानेवारीत हे जवळपास रोज चालतं. निसेको आन्नुपुरीचं शिखर अवघं १,३०८ मीटर, उतार बरेचसे सौम्य, भूर्जाची झाडं विरळ. सौम्य उतारावर वेग कमी, आणि वेगातून मिळणारं तरंगणं कमी पडलं की ते क्षेत्रफळातून भरून काढावं लागतं. म्हणून तिथे रुंद आणि मऊ स्की शोभते. हंगामाच्या सुरुवातीला, डिसेंबरात, बर्फाखाली सासा नावाच्या बुटक्या बांबूची जाळी असते. ती पूर्ण झाकली गेलेली नसेल तर स्की तिच्यात अडकते. तुमच्या जानेवारीअखेरच्या तारखा त्या दृष्टीने चांगल्या आहेत.

गुलमर्गला बर्फ पश्चिमी विक्षोभांबरोबर येतो, एकदम बराच पडतो आणि मग काही दिवस उघडीप असते. गाव साधारण २,६५० मीटरवर. गोंडोलाचा दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला. तो अफरवट पर्वतावर ३,९०० मीटरच्याही वर नेऊन सोडतो. वर उघडे, वाऱ्याने खरवडलेले, तीव्र उतार, खाली देवदार-फरचं जंगल, आणि त्याखाली लांब, जवळपास सपाट शेवट. वादळानंतरचे दोन दिवस स्वर्ग, त्यानंतर वाऱ्याने घट्ट झालेला आणि उन्हाने पापुद्रा धरलेला बर्फ. १२४ मिमीची मऊ स्की त्या पापुद्र्यावर थरथरते. ११४ ते ११६ ची, पायाखाली घट्ट असलेली, दोन्हीकडे निभावून नेते. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो, तेव्हा जिच्यावर मांड्या कमी पेटतील ती स्की तिथे दुप्पट उपयोगाची.

बाइंडिंग बसवण्याबद्दल. ब्रेकची रुंदी कंबरेइतकी किंवा १० ते १५ मिमी जास्त. ११६ ला ११५ चा ब्रेक हलका वाकवून बसतो, १२० चा सरळ बसतो. याहून बराच रुंद घेतलात, तर एजवर झुकताना ब्रेकचा दांडा बर्फात घासेल किंवा दुसऱ्या स्कीला अडकेल. छिद्रासाठी कुठला ड्रिल वापरायचा हे स्कीवरच बाइंडिंगच्या जागेजवळ छापलेलं असतं: धातूचा थर नसेल तर बहुधा ३.६ मिमी, असेल तर ४.१, खोली ९ मिमी. खोली चुकली तर स्क्रूचं टोक खालच्या बेसला फोडासारखं वर काढतं. धातूच्या स्कीत छिद्राला आटे पाडावे लागतात. छिद्रात स्क्रूसाठीचा गोंद घालायचा, नाहीतर पाणी शिरून आतलं लाकूड कुजतं. स्क्रू हाताने आवळायचे, क्रमांक ३ च्या पोझिड्राइव्हने. साधा फिलिप्स पेचकस वापरला की खाच झिजते. जागा चुकली आणि पुन्हा बसवायची वेळ आली, तर जुन्या आणि नव्या छिद्रांच्या केंद्रांत किमान १० मिमी अंतर हवं, म्हणून पहिल्यांदाच नीट मोजून घ्या. हे काम ज्या दुकानात साचा आणि सुटण्याची चाचणी करणारं यंत्र आहे तिथेच करा.

‘खोल बर्फात स्की हरवेल’ या भीतीने डिनचा आकडा (बाइंडिंग किती जोर लागल्यावर सुटेल ते ठरवणारा) वाढवू नका. पावडरमध्ये स्की अवेळी सुटण्याचं नेहमीचं कारण बुटाखाली दाबून बसलेला बर्फ असतं. पडल्यावर पुन्हा पाय घालताना काय होतं ते नीट पाहा. तुम्ही मांडीभर बर्फात उभे असता, स्की तिरपी असते, तळव्याला बोटभर बर्फाचा थर चिकटलेला असतो. टाच दाबली की ‘खट्’ आवाज येतो आणि तुम्हाला वाटतं बसलं. पण पुढच्या भागाखालच्या घसरपट्टीवर बर्फ असल्यामुळे बूट ३ मिमी उंच बसलेला असतो, आणि तिसऱ्या वळणाला बाइंडिंग उघडतं. उपाय असा: आधी स्की उताराला आडवी ठेवून पायाने तुडवून पक्की करा, बाइंडिंगचे दोन्ही भाग हातमोज्याने झाडा, बूट दुसऱ्या पायाच्या बाइंडिंगच्या कडेवर किंवा पोलच्या टोकाने खरवडा, मग आधी बोटं, नंतर टाच. बसल्यावर पाय उचलून दोनदा झटका द्या.

तरी सुटलीच, तर ती खाली शोधू नका. स्की सुटते तिथेच बर्फात घुसून थांबते आणि तुम्ही पुढे फेकले जाता, त्यामुळे ती बहुतेक वेळा तुमच्या वरच्या बाजूला, पडायला सुरुवात झाली त्या जागेजवळ असते. दुसऱ्या स्कीची शेपूट बर्फात खोल घालून उताराला आडव्या रेघा मारत वर या, ३० सेंमीच्या अंतराने. पावडर कॉर्ड म्हणजे दीड-दोन मीटरची भडक रंगाची फीत. एक टोक बाइंडिंगला, बाकीची पँटच्या घेराखाली खोचलेली, पायाला न बांधलेली. ती असेल तर हे काम एका मिनिटाचं. पायाला बांधणारा पट्टा मात्र हिमस्खलनाच्या उतारावर वापरू नका. अडकलेली स्की माणसाला खाली ओढते.

नवी स्की ‘चिकट’ वाटली, घसरवायला जाताना एकदम पकडत असेल, तर विकायला काढण्याआधी बेस तपासा. स्टीलची सरळ पट्टी बेसवर आडवी ठेवून उजेडाकडे धरा. एजजवळ पट्टी टेकते आणि मधोमध उजेड दिसतो, म्हणजे बेस खोलगट आहे. रुंद स्कीत हा दोष वारंवार आढळतो, कारण रुंद बेस सपाट राखणं अवघड. अशी स्की रुळावर ठेवल्यासारखी चालते आणि आकार कितीही खेळकर असला तरी खेळत नाही. दुकानात दगडावर बेस सपाट करून घ्या, बेसकडून १ अंश आणि बाजूने २ अंश एज ठेवा, आणि रॉकर जिथे सुरू होतो तिथून टोकापर्यंत आणि शेपटीपर्यंत एजची धार गमी स्टोनने (रबरी घासणीने) बोथट करा. पायाखालची धार तशीच ठेवा. होक्काइडोच्या थंडीत बर्फाचे स्फटिक कडक आणि टोकदार असतात, म्हणून थंडीचं कडक वॅक्स लावा, पूर्ण खरवडून काढा आणि ब्रशने भरपूर घासा. रुंद स्की वॅक्सशिवाय सपाटीवर दम काढते. गुलमर्गच्या लांब शेवटच्या पट्ट्यात हे फार जाणवतं.

आता पाय. पहिल्या दिवशी २० ते २५ अंशांचा उतार निवडा. याहून सौम्य उतारावर गुडघाभर बर्फ तुम्हाला थांबवूनच टाकेल. निघाल्यावर लगेच वळू नका. तीन-चार सेकंद सरळ जाऊ द्या, स्की बर्फावर चढल्याचं तळव्यांना कळतं, पायाखालचा आवाजही बदलतो. दोन्ही पायांवर वजन सारखं. पिस्टवरची बाहेरच्या पायावर भार द्यायची सवय इथे तोट्याची, कारण भार पडलेली स्की बुडते आणि दुसरी वर राहते. पायांत एका मुठीचं अंतर. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली, पण ढकलत नसलेली. वळताना दोन्ही पाय एकत्र दाबा, बर्फ खालून परत ढकलेल, त्या क्षणी हलके होऊन दोन्ही शेपट्या एकदम बाजूला सोडा. एज लावायची नाही, स्की जवळजवळ सपाट ठेवून घसरवायची. थांबायचं असेल तर तेच जास्त जोराने. चार-पाच वळणांची लय बसली की मागे रेलायची गरज वाटणार नाही. वाटलीच, तर वेग कमी आहे हे समजा.

शेवटी एक गोष्ट गंभीरपणे. ही स्की तुम्हाला अशा उतारांवर सहज नेईल जिथे आतापर्यंत जाताच येत नव्हतं. ३० अंशांच्या पुढचा बर्फाळ उतार हिमस्खलनाचा. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर मृत्युमुखी पडले. गुलमर्गात गस्ती पथकाच्या ताब्यातला भाग सोडून बाहेर जायचं तर स्थानिक गाइड, ट्रान्सीव्हर (गाडला गेलेला माणूस शोधणारं रेडिओयंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), आणि ते वापरायचा सराव. निसेकोत पिस्टबाहेर जायला ठरलेली गेट आहेत. गेट बंद असेल तर बंद, दोरीखालून जायचं नाही. झाडांत खोडाभोवती फांद्यांखाली पोकळी असते, तिथे डोकं खाली होऊन अडकलेला माणूस स्वतः बाहेर येऊ शकत नाही. म्हणून जोडीदार सतत नजरेत हवा आणि शिट्टी गळ्यात हवी, पिशवीत नको.

८६ ची जोडी विकू नका. बर्फ न पडलेल्या दिवशी ती हवी असेल. आणि बाइंडिंगचे पैसे देण्याआधी बूट उलटा करून पाहा: टाचेजवळ तळव्याची लांबी मिलीमीटरमध्ये कोरलेली असते, आणि तळवा सपाट अल्पाइन आहे की रबरी वळणाचा ग्रिपवॉक, तेही तिथेच लिहिलेलं असतं. ग्रिपवॉक असेल, तर बाइंडिंगवरही तीच खूण हवी. जुन्या अल्पाइन बाइंडिंगमध्ये तो बूट बसल्यासारखा वाटतो, पण वेळेवर सुटेलच याची खात्री नसते.